इंगळे सिस्टर आणि न थांबणारा ट्रॅक्टर

इंगळे सिस्टरनी मला कधी नावानं हाक मारली नाही. मी अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात फार्मासिस्ट होतो, रीतसर परीक्षा पास झालेला. पण सिस्टरच्या लेखी औषधाच्या खिडकीमागे जो बसतो तो कंपाउंडर. माझ्या निरोप समारंभाला त्या स्वतः निवृत्त असूनही आल्या, दोन शब्द बोलायला उठल्या, म्हटलं आज तरी नाव घेतील. तर म्हणाल्या, "आमचे कंपाउंडर मानूस चांगले हायत. फक्त हळू हायत." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तरी काय करणार, मीही वाजवल्या.

आता सिस्टर नाहीत. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं असा रिवाज आहे, पण तो पाळायचा तर अर्ध्याअधिक सिस्टर सांगायच्याच राहून जातील. त्यापेक्षा होत्या तशा सांगतो. रागावल्या तर बघून घेऊ.

बांधा ठेंगणा, आवाज मात्र वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. हात धुण्याचं वेड असं, की कोणी चहाला घरी गेलं तरी आधी मोरी दाखवायच्या, मग खुर्ची. इंजेक्शन द्यायची त्यांची एक खास रीत होती. पेशंटला विचारायच्या, "का हो भाऊ, तुमच्या गावची शाळा कोन्या बाजूले हाय?" भाऊ दिशा आठवायला लागला की सुई आत. उत्तर ऐकायला त्या कधीच थांबल्या नाहीत. माझी खात्री आहे, जिल्ह्यातल्या शेकडो माणसांची शाळा अजून सांगायची राहिलेली आहे.

एकदा एक स्थानिक पुढारी आपल्या आजारी कार्यकर्त्याला भेटायला आले, मागे डझनभर माणसं घेऊन. भेटीची वेळ केव्हाच संपलेली. डॉक्टर हात चोळत उभे, कोणी बोलेना. सिस्टर आत गेल्या, हातात बेडपॅन घेऊन आल्या आणि तो सरळ पुढाऱ्यांच्या हातात दिला. "आलेच हाय तुमी तं कामाले या. चार नंबरच्या आजोबाले द्याचा हाय." दोन मिनिटांत वॉर्ड रिकामा. पुढारी जाताना बेडपॅन मात्र इमानदारीनं टेबलावर ठेवून गेले. सिस्टर म्हणाल्या, "मानूस वाईट नाई, फक्त कोनी काम सांगतलं नाई त्याले आजवर."

निवृत्त झाल्यावर त्यांनी अचलपूरच्या पुढं थोडं वावर घेतलं आणि संत्र्याची बाग लावली. त्यांचा बाप दुसऱ्याच्या वावरात सालदार होता. वर्षाचा करार करून राबणारा, पाडव्याला मालक बदलला तर बदलला. त्यामुळे सातबाऱ्यावर आपलं नाव लागलं त्या दिवशी सिस्टर दवाखान्यात पेढे वाटायला आल्या आणि पेढा देण्याआधी प्रत्येकाला हात धुवायला लावले. बोलताना त्यांचा आवाज जड झाला होता. मी तिकडं पाहिलं तशा म्हणाल्या, "सर्दी हाय."

पुढं एका पावसाळ्यात बागेतच घसरून पडल्या. डाव्या खुब्याचं हाड मोडलं, सळई घातली. हाड जुळलं, पण त्या पायात जोर आला नाही. काठी आली. साधा ट्रॅक्टर चालवायचा तर डाव्या पायानं क्लच दाबावा लागतो, म्हणजे तेही गेलं. बागेच्या या टोकावरून त्या टोकाला काठी टेकत जाताना त्यांची दमछाक व्हायची. मुलगा प्रशांत पुण्याला. तो म्हणाला, "आई, आता बास. वावर विकू, तू माझ्याकडे चल."

सिस्टर एकदा जाऊन राहिल्याही होत्या. परत आल्यावर मी विचारलं, कसं आहे पुणं? "चांगलं हाय. मले सोफ्यावर ठेवते, फोटोसारखं. हारच बाकी होता." त्या इमारतीच्या लिफ्टमध्ये भेटेल त्याची नाडी बघायच्या, म्हणून सोसायटीतले लोक जिन्यानं जायला लागले होते, हे प्रशांतनं मला वेगळं सांगितलं.

तेवढ्यात चिखलदऱ्याकडचं एक हॉटेल बंद पडलं आणि तिथलं सामान विकायला निघालं. त्यात एक छोटा लाल ट्रॅक्टर होता, हिरवळ कापायचा, परदेशी, म्हातारा. सिस्टर कपाट बघायला गेल्या आणि ट्रॅक्टर घेऊन आल्या. कारण त्याला क्लचच नव्हता. गिअरही नव्हता. आत एक पंप तेलाच्या दाबावर चाकं फिरवतो. उजव्या पायाखाली एक पेडल. पुढं दाबलं की पुढं, टाचेनं मागं दाबलं की मागं, पाय काढला की जागेवर उभा. एका पायाचं काम. सिस्टर मला म्हणाल्या, "कंपाउंडर, हा माह्यासाठीच बनवला कोनीतरी." गवत कापायची पाती काढून फेकली, मागं छोटी ट्रॉली जोडली, आणि संत्र्याच्या झाडांखालून, फांद्यांना डोकं वाकवत, बाई दिवसभर फिरायला लागल्या. वावर पुन्हा त्यांचं झालं. काठी ट्रॉलीत पडून असायची.

आता त्या ट्रॅक्टरची एक गोष्ट. पेडलापासून पंपापर्यंत एक लोखंडी दांडी जाते, तिला दोन-तीन सांधे. सांध्यात पिन. वर्षानुवर्षं हलून हलून गोल भोकं अंड्यासारखी लांबट झाली होती आणि पिना मधे झिजून बारीक. म्हणजे सिस्टरनी पाय काढला तरी दांडी पंपाला 'थांब' हे पुरतं सांगायचीच नाही. ट्रॅक्टर उभा न राहता हळूहळू पुढं सरकायचा, मुंगीच्या चालीनं, पण सरकायचा. ब्रेक होता तो नावापुरता. सीटवरून माणूस उठला की इंजिन बंद पाडणारी एक कळ असते, ती सिस्टरनी पहिल्याच आठवड्यात तोडून टाकली होती. खाली पडलेली संत्री वेचायला सारखं उतरावं लागतं आणि दरवेळी इंजिन बंद पडतं, म्हणून. मी म्हटलं, "सिस्टर, ती सुरक्षेसाठी असते." "मंग तुमी या संत्री वेचाले." विषय संपला.

त्या सरकण्याची कीर्ती पंचक्रोशीत झाली ती एप्रिलमधल्या जयंतीला. गावातल्या मिरवणुकीत प्रतिमेचा मान सिस्टरच्या ट्रॉलीला मिळाला. निळे झेंडे, फुलं, पुढं लेझीम, पांढऱ्या साडीत सिस्टर सीटवर. मीही अमरावतीहून बसनं गेलो होतो. पहिल्या चौकात मिरवणूक थांबली, वक्त्यांनी माइक हातात घेतला, "बंधू आणि भगिनींनो" म्हटलं आणि ट्रॅक्टर निघाला. प्रतिमाच पुढं चालली म्हटल्यावर लोक थांबतील कसे? लेझीमवाले पुढं पळाले, बाकीचे मागं. माइकवाला तारेला बांधलेला, तो तिथंच राहिला. दुसऱ्या चौकात तेच, तिसऱ्यात तेच. सगळी भाषणं पाण्यात. शेवटी विहाराच्या ओट्याला चाक टेकलं तेव्हा गाडी थांबली.

मी धापा टाकत विचारलं, "सिस्टर, इंजिन बंद करायचं ना सरळ!"

"बॅटरी कमजोर हाय. बंद केला तं पुन्हा चालू होत नाई, धकलत न्यावा लागते." मग मान ताठ करून, "जयंतीची गाडी धकलत न्याची? माह्या हातून नाई होनार ते."

जेवणं वेळेवर झाली, बायकांनी सिस्टरला दुवा दिला. फक्त ते वक्ते त्यांच्याशी बरेच दिवस बोलले नाहीत.

त्यानंतर सिस्टरनी आजारावर इलाज सुरू केला, आणि तो त्यांच्या पद्धतीनं. झिजलेल्या पिनेला त्यांनी चिकटपट्टी गुंडाळली. हो, जखमेवर कापूस धरून ठेवायला लावतात तीच, पांढरी. वर गॉजचा एक वेढा. पिन जाड झाली, भोकात घट्ट बसली, आणि चक्क ट्रॅक्टर थांबायला लागला. सिस्टरचा फोन आला. "कंपाउंडर, औषधाच्या दुकानात जे मिळते त्यानं मशीन बरं झालं. इंजिनियर कायले लागते?" मी म्हटलं तेलानं चिकट सुटेल. म्हणाल्या, रोज ड्रेसिंग बदलीन.

एक दिवस ड्रेसिंग बदलायचं राहिलं. सिस्टर संत्री वेचायला उतरल्या होत्या. पट्टी घसरली, ट्रॅक्टर चालू लागला. फाटक ढकलून रस्त्यावर गेला आणि समोरून येणारी एसटी थांबली. ड्रायव्हर भला, त्यानं खाली उतरून पळत जाऊन इंजिन बंद केलं. कोणाला लागलं नाही. पण बसमधल्या कोणीतरी मोबाइलवर सगळं टिपलं. पुढं रिकामा ट्रॅक्टर, मागं काठीशिवाय, डावा पाय ओढत सिस्टर, आणि ओरडताहेत, "थांब म्हनते ना! कोठी चालला? थांब!" अचलपूर, परतवाडा, अमरावती, सगळे पोट धरून हसले. खोटं कशाला बोलू, मीही हसलो.

प्रशांतलाही तो व्हिडिओ संध्याकाळच्या आत पोचला. त्याला ट्रॅक्टर दिसलाच नाही. त्याला आईचा पाय दिसला. त्यानं मला फोन केला तो आईच्या पायाबद्दल विचारायला.

पुढच्या सुट्टीत तो आला. मला मुद्दाम बोलावलं होतं, साक्षीला. ओसरीवर बसून म्हणाला, "आई, मी महिन्याच्या शेवटी परत येतो. तोपर्यंत हा ट्रॅक्टर दुरुस्त कर. विहिरीजवळच्या चढावर, इंजिन चालू, पेडलवरून पाय काढून, जागेवर उभा राहिला पाहिजे. जरा जरी हलला, तर हा विकायचा, वावर विकायचं आणि तू माझ्याबरोबर पुण्याला."

"अन् राह्यला उभा तं?"

"तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

"कंपाउंडर, ऐकलं का? मंग म्हनू नका, हळू ऐकू येते." आणि त्याला म्हणाल्या, "हात धू. जेवाले वाढते."

मग खरी दुरुस्ती सुरू झाली. अचलपुरात रहीमभाई लेथवाले, दाढी पांढरी, जिभेवर मध. त्यांनी दांडी हातात घेऊन फिरवली आणि म्हणाले, "सिस्टर, अशी चीज आपल्याकडे कोणी पाहिलीच नाही."

"मीबी पह्यल्या दिवशी अपेंडिक्स पाह्यलं नव्हतं. कापलं तवा दिसलं. कापा."

रहीमभाईंनी लांबट झालेली भोकं वेल्डिंगनं भरली, पुन्हा गोल पाडली, आत नळीसारखे पितळी बुश बसवले. लेथवर नव्या पिना काढल्या. दांडीच्या टोकाचे, आत गोळी फिरणारे सांधे मात्र बनवता येईनात, ते अमरावतीच्या भंगार बाजारातून आणायचं काम माझ्याकडे आलं. मी दुपारभर उन्हात हिंडून दोन झकास सांधे आणले. रहीमभाईंनी एक बसवला, दुसरा हातात घेऊन हसायला लागले. दांडीच्या एका टोकाला आटे सुलटे असतात, दुसऱ्या टोकाला उलटे. दांडी फिरवली की दोन्ही टोकं एकदम आत किंवा बाहेर सरकतात, त्यासाठी. मी दोन्ही सुलटेच आणले होते. सिस्टरनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी खोकल्याच्या पेशंटला जुलाबाचं दिलंय. "जा पुन्हा. अन् पान्याची बाटली न्या, ऊन हाय." मी पुन्हा गेलो. गेलो नसतो तर जन्मभर ऐकावं लागलं असतं.

सगळं जोडल्यावर मधली जागा शोधायची होती. मागची चाकं ठोकळ्यांवर उचलली, इंजिन सुरू केलं. चाकं पुढं फिरत होती. रहीमभाईंनी दांडीला थोडा पीळ दिला, फिरणं मंदावलं. अजून दिला, चाकं मागं फिरायला लागली. या दोन्हींच्या मधे कुठंतरी एक बारीकशी जागा असते, तिथं चाक पुढंही जात नाही आणि मागंही. सिस्टर स्टुलावर बसून पंपाला स्टेथोस्कोप लावून डोळे मिटून ऐकत होत्या.

"अजून धडधड करून राह्यला."

"सिस्टर, पंप है वो, दिल नहीं."

"तुमी फिरवा."

रहीमभाईंनी अगदी केसभर फिरवलं. चाकं थांबली. आम्ही तिघं वाकून बघत राहिलो. चाकं थांबलेलीच. रहीमभाईंनी नट कसला. नवी बॅटरी बसवली, माझ्या अटीवरून ती तोडलेली कळही जोडून घेतली, सिस्टर कुरकुरल्या पण जोडू दिली. मी म्हटलं, चला, आता चढावर नेऊन बघू. तशा सिस्टर पटकन म्हणाल्या, "नाई. आज आपरेशन झालं, पेशंटले आराम." दुसऱ्या दिवशी फोनवर विचारलं, चढावर पाहिलं का? म्हणाल्या, संत्र्याले पानी देऊन राह्यली. पुढच्या आठवड्यातही पाणीच चालू होतं. मला वाटलं, एवढा आत्मविश्वास! बघायचीही गरज वाटत नाही बाईला.

ठरलेल्या दिवशी प्रशांत आला. मी पोचलो तेव्हा सिस्टर आधीच चढावर होत्या, विहिरीच्या वरच्या अंगाला तोंड करून, इंजिन चालू. इस्त्रीची साडी, पदर खोचलेला. दुरूनच ओरडल्या, "कंपाउंडर, हळूच या, तुमाले घाई नसतेच!" आम्ही जवळ गेलो. त्यांनी उजवा पाय उचलून दाखवला, मग सरळ आडवा करून मांडीवर ठेवला.

ट्रॅक्टर उभा. इंजिन धुगधुगतंय, पानं हलताहेत, ट्रॅक्टर उभा.

"पाहा," सिस्टर समोरच्या झाडाकडं बघत म्हणाल्या. "पाहून घ्या नीट."

प्रशांत हळूहळू फेरी मारत मागं गेला. मीही त्याच्या मागोमाग गेलो. मागच्या चाकाखाली, गवतात, एक चांगला वजनदार दगड सारून ठेवलेला होता.

प्रशांतनं तो पाहिला. मी पाहिला. आणि त्या क्षणी मला कळलं की इतके दिवस संत्र्याला पाणी का चाललं होतं. पुढाऱ्याच्या हातात बेडपॅन देणारी ही बाई घाबरली होती. चढावर नेऊन बघायची तिची हिंमतच झाली नव्हती. हलला तर? म्हणून दुखरा पाय घेऊन, कोणी यायच्या आत, उतरून तो दगड लावला असणार. सिस्टर समोर बघत ताठ बसलेल्या होत्या.

प्रशांत बुटाची नाडी बांधायला वाकावं तसा खाली वाकला. दोन्ही हातांनी, आवाज न करता, त्यानं दगड काढून घेतला.

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ट्रॅक्टर होता तिथंच होता. एक बोटभरही हलला नव्हता. प्रशांत दगड पोटाशी धरून चाकाकडं बघत होता. मग त्यानं तो वावराच्या बांधावर, धुऱ्यावर ठेवला, हात पँटला पुसले आणि पुढं येऊन म्हणाला, "राह्यला ना उभा." पुण्याला गेल्यापासून हा पोरगा वऱ्हाडी बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं.

"मंग?" सिस्टर गरजल्या. "मी काय म्हनत होती?" आणि पेडल दाबून झाडांमध्ये निघून गेल्या. एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

त्यानंतर त्या दोन बहार एकट्यानं बागेत राहिल्या. प्रशांतनं खरंच विषय काढला नाही. फोनवर मला रागावणं चालू होतं, संत्री येत होती, संत्र्यांची थैली परत मागणंही चालू होतं. पण गुडघ्यांमुळं माझं जाणं झालं नाही, आणि डोळ्यांनी पाहिल्या त्या त्याच दिवशी शेवटच्या. प्रशांत मला बसपर्यंत सोडायला निघाला होता. फाटकापाशी पोचल्यावर मी मागं पाहिलं. सिस्टर आडवाटेनं वळसा घेऊन पुन्हा चढावर आल्या होत्या, दगड उचलून लपवायला. ट्रॅक्टरवरूनच वाकून गवतात बघितलं. मग त्यांना धुऱ्यावर ठेवलेला दगड दिसला. त्या त्याच्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी पेडलवरून पाय काढला, डोळ्यांना पदर लावला, आणि ट्रॅक्टर चढावर, त्यांना घेऊन, जागेवर उभा राहिला.